गरम झाली की गाडी उठत नाही: जुन्या मसल कारच्या व्ही-८ चं दुखणं आणि ते शोधायचा क्रम

सकाळी गार असताना एका चावीत उठते. पाऊण तास पळवा, काही तक्रार नाही. पेट्रोल भरायला थांबता, दुकानात पाणी घेता, पंधरा मिनिटांनी येऊन चावी फिरवता आणि पावणेसहा लिटरच्या इंजिनातून फक्त एक ‘टक्’ ऐकू येतो. मग बॉनेट उघडून तासभर सावलीत उभं राहायचं. तासाने तीच गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते.

मी मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे १९६९ ची शेव्हर्ले शेवेल आहे, म्हणजे मसल कार, मोठ्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची ताकदवान अमेरिकी गाडी; ३५० घन इंची स्मॉल ब्लॉक (शेव्हर्लेचं आटोपशीर व्ही-८ इंजिन) आणि रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरतं. हजारो जुन्या गाड्या भर उन्हात मुंगीच्या पावलाने सरकतात, थांबतात, परत सरकतात. गरम इंजिनाची याहून कडक परीक्षा मला ठाऊक नाही. तिथे आणि मित्रमंडळींच्या गॅरेजांत मी हे एकच दुखणं इतक्या वेळा काढलंय की आता क्रम हातात बसलाय. जीटीओ, कमॅरो, शेवेल, एकदा डॉज चार्जर. कारणं वेगवेगळी निघाली, शोधायची वाट मात्र तीच.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हे दुखणं गाडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुरू होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात निघून जातं. चालत्या गाडीत पंखा आणि पाण्याचा पंप उष्णता बाहेर काढत असतात. चावी बंद केली की दोन्ही थांबतात, पण अडीचशे किलोच्या वरचं बिडाचं इंजिन तापलेलंच असतं. ती उष्णता वर कार्बोरेटरमध्ये चढते आणि खाली सेल्फमध्ये, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरमध्ये, मुरते. म्हणून तपासणी त्याच अर्ध्या तासात व्हायला हवी. गार गाडीवर केलेली तपासणी फारसं काही सांगत नाही. गार गाडी बघून नवा कार्बोरेटर घेतलेले आणि पुढच्याच रविवारी परत पेट्रोल पंपावर अडकलेले लोक मी पाहिलेत. वाईट वाटतं, कारण जुना कार्बोरेटर बहुतेक वेळा धडधाकट असतो.

लक्षणं नीट ओळखा

चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ येतो किंवा तोही नाही, पण दिवे प्रखर आहेत: हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्यात सेल्फ फिरतो पण रखडत, बॅटरी उतरल्यासारखा, आणि मध्येच इंजिन उलटा झटका देतं. तिसऱ्यात सेल्फ झकास फिरतो पण इंजिन पकडत नाही. पेट्रोलचा वास येतो, शेवटी पकडलंच तर काळा धूर टाकत, लंगडत. आणखी एक सख्खं भावंड आहे: गर्दीत हळू चालताना आचके देत बंद पडणं.

पहिल्या दोन प्रकारांत वीज, सेल्फ नाहीतर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ). तिसऱ्यात पेट्रोल किंवा ठिणगी. भावंडाला, म्हणजे पेट्रोलच्या नळीत वाफ अडकण्याला, आपल्याकडे सगळे एअर लॉक म्हणतात. खंबाटकी घाटात फियाट आणि ॲम्बॅसॅडर थांबवून इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा आजार समजावून सांगायला नको.

सुरू करण्याआधी आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, हँडब्रेक ओढा, गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये. गॅरेजचं दार उघडं हवं. हातमोजे घाला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कातडी सोलतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली माझी सगळ्यात आवडती, कारण दोन मिनिटांत अर्धं कोडं सुटतं. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा. सेल्फ रखडतोय याची खात्री झाली की कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या वेटोळ्याच्या) पॉझिटिव्ह टोकाची वायर काढून ती उघडी कुठे टेकणार नाही अशी ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता इंजिनात ठिणगी नाही. सेल्फ एकदम मोकळा फिरला तर सेल्फ, बॅटरी, केबल यांच्या मागे लागू नका. टायमिंग जास्त पुढे आहे, पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होऊन तो सेल्फच्या विरुद्ध ढकलतोय. वायर काढूनही तसाच रखडला तर दोष विजेच्या वाटेत किंवा सेल्फमध्ये. ही चाचणी न करता सेल्फ बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

दुसरी पायाची. सेल्फ नीट फिरतोय आणि पेट्रोलचा वास येतोय, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पंपिंग करू नका. दर दाबाला कार्बोरेटरचा छोटा पंप आणखी पेट्रोल टाकतो आणि आधीच बुडालेलं इंजिन अजून बुडतं. पूर्ण दाबून धरल्यावर भरपूर हवा आत जाते आणि साचलेलं पेट्रोल निघून जातं. अशा रीतीने पाच-सहा सेकंदांत पकडली तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या वाटेत) सांडतंय हे जवळजवळ नक्की.

ते डोळ्यांनी बघा. इंजिन बंद, चावी खिशात. एअर क्लीनर काढा, चोकची झडप बोटाने उघडी धरा आणि टॉर्च आत मारा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दहा मिनिटं हललो नव्हतो. पुढच्या दोन छोट्या व्हेंच्युरींच्या (हवेच्या अरुंद वाटांच्या) ओठावर एकेक थेंब जमायचा, थरथरायचा, खाली पडायचा आणि खालून पांढुरका वाफेचा धागा वर यायचा. बाऊलमधून, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीतून, चहाचं आधण येतं तसा बारीक बुडबुड आवाज. हे दिसलं की दुसरा पुरावा लागत नाही. एक मात्र पाळा: सेल्फ मारताना तोंड कार्बोरेटरवर कधीच नको, उलटी ज्वाळा आली तर चेहरा भाजतो.

क्वाड्राजेटवाल्यांनी इथे एक भेद करावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीही लांबलचक सेल्फ लागत असेल तर उष्णतेशिवाय दुसरंही कारण असू शकतं. या कार्बोरेटरचं बाऊल लहान आहे आणि सुरुवातीच्या वर्षांच्या नगांमध्ये तळाचे ठोकून बसवलेले प्लग झिरपतात. ते काम कार्बोरेटर उघडल्यावरच होतं.

मल्टिमीटर आणि एक तास

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. गरम गाडीवर सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबांवर ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेले तर आधी बॅटरी.

बॅटरी ठीक असेल तर केबल. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारायला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती केबल किंवा तिचं टोक वीज खातंय. मग निगेटिव्ह खांब ते इंजिनचा ब्लॉक, तिथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर नको. गार असताना हा तोटा झाकला जातो, कारण सेल्फला तेवढी कमतरता चालून जाते. गरम झाल्यावर तीच कमतरता नडते.

का नडते ते समजून घ्या. तांब्याचा विद्युतरोध दर सेल्सिअस अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. सेल्फवरचं सोलेनॉइड (दांडी, म्हणजे प्लंजर, ओढून सेल्फला वीज जोडणारं विजेचं चुंबक) २५ अंशांवरून १२५ वर गेलं की त्याच्या वेटोळ्याचा रोध सुमारे ४० टक्के वाढला. त्या प्रमाणात करंट घटला, प्लंजर ओढायची ताकद घटली. शेव्हर्लेच्या इंजिनात हे सोलेनॉइड सेल्फच्याच पाठीवर, उजव्या एक्झॉस्टच्या शेजारी बसतं. त्यात पन्नास वर्षं जुनी, टोकाला हिरवी पडलेली केबल. बेरीज होते आणि फक्त ‘टक्’ येतो. त्या काळच्या फोर्डमध्ये मुख्य सोलेनॉइड वेगळं, आतल्या मडगार्डवर असे. क्रायस्लरने १९६२ पासून गिअर रिडक्शनचा सेल्फ दिला, त्याचा उंच किणकिणता आवाज लांबूनही ओळखू येतो. त्या गाड्यांत ‘टक्’ प्रकार मला कमी भेटलाय.

मी ज्या गाड्या बघितल्या त्यांपैकी कितीतरी इथेच सुटल्या. इंजिनाला रंग देताना अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळलेली असते. बोल्ट काढा, रंग खरवडून चकचकीत धातू काढा, पट्टी बसवा. खर्च शून्य.

ठिणगी

गरम असताना ठिणगी बघायला स्वस्तातला टेस्टर पुरतो. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. पिवळट, मवाळ असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन दगा देतोय. कंडेन्सर स्वस्त आहे, आधी तो बदला.

पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या) शेव्हर्लेत एक वायर लोक विसरतात. चालू गाडीत कॉइलला रोध असलेल्या वायरीतून कमी व्होल्ट मिळतात, म्हणजे पॉइंट जळत नाहीत. सेल्फ मारताना मात्र सोलेनॉइडच्या ‘आर’ टोकावरून दुसरी वायर कॉइलला थेट बॅटरीचे व्होल्ट देते. ही तुटली असेल तर नेमकं सुरू करतानाच ठिणगी दुबळी. सेल्फ मारताना कॉइलच्या पॉझिटिव्हवर मीटर लावा, बॅटरीच्या जवळपास आकडा यायला हवा. कुणी नंतर इलेक्ट्रॉनिक एचईआय डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) बसवला असेल तर उलट चूक शोधा: त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात आणि लोक तीच जुनी रोधाची वायर जोडून मोकळे होतात.

टायमिंग

पहिल्या चाचणीत वायर काढल्यावर सेल्फ मोकळा झाला असेल तर टायमिंग लाइट काढा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीवर टायमिंग पुढे नेणारी) नळी काढून तोंड बंद करा आणि आयडलला बघा. फॅक्टरीची मूळ सेटिंग बऱ्याच स्मॉल ब्लॉकला ४ ते ८ अंश होती, म्हणजे पिस्टन वर पोचायला क्रँक तेवढे अंश फिरायची बाकी असताना ठिणगी. हौशी लोक १२-१४ वर नेतात, गाडी चपळ होते आणि बहुतेक इंजिनांना ते सोसतं. पण १८-२० वर नेलेलं इंजिन गरम झालं की लाथा मारतं. १९७० च्या शेवेल एसएस ४५४ मधल्या ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस-६ इंजिनाचं कम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ११.२५ ला १ होतं. अशा इंजिनांत दोन-चार अंशांचाही फरक सेल्फला जाणवतो. १९७१ पासून जनरल मोटर्सने कम्प्रेशन उतरवलं, त्या गाड्या थोडं माफ करतात.

सुरुवातीचे अंश कमी केले की वरचे एकूण अंशही घटतात. जुन्या बिडाच्या हेडच्या स्मॉल ब्लॉकला एकूण ३४ ते ३६ अंश मानवतात. ते जमवायला डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा बदलाव्या लागतात. वरच्या वेगात खडखड ऐकू आली की तिथेच थांबा, पिस्टन जातो.

पेट्रोल, नळ्या आणि उष्णतेची झडप

हे माझ्या मते या दुखण्याचं काळीज आहे. ही इंजिनं बनली तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं. आजचं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनतं, जिथे नळीत ४० पीएसआयच्या पुढे दाब असतो आणि दाबाखाली ते सहज उकळत नाही. आपल्या कार्बोरेटरचं बाऊल हवेला उघडं. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात, आणि दहा टक्के इथेनॉल मिसळलं की मिश्रण आणखी सहज वाफाळतं.

त्यात ऋतू. अमेरिकेत पंपांवर १ जून ते १५ सप्टेंबर कमी वाफाळणारं उन्हाळी पेट्रोल विकायचा नियम आहे. हिवाळी पेट्रोल मुद्दाम जास्त वाफाळणारं असतं, थंडीत इंजिन उठावं म्हणून. त्यामुळे एप्रिल-मे मधला पहिला कडक ऊन पडलेला दिवस जुलैपेक्षा वाईट जातो. गाडी हिवाळाभर झाकून ठेवली असेल तर टाकीत तेच पेट्रोल आहे. दुसरं काही करण्याआधी ते वापरून संपवा आणि शक्य असेल तिथे इथेनॉल नसलेलं भरा. एका मित्राच्या जीटीओचं दुखणं तेवढ्यावर थांबलं.

मग नळ्या. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत हात फिरवा. एक्झॉस्टला किंवा ब्लॉकला टेकलेली नळी एक-दोन इंच लांब करा. जुना रबरी तुकडा दाबल्यावर चिरा दिसल्या तर लगेच बदला, इथेनॉल जुनं रबर खातं. नवी नळी इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचीच घ्या. पेट्रोल गार राहावं म्हणून लोखंडी नळीवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावलेल्या गाड्या इथे अजून दिसतात. मीही लावून बघितले, फरक जाणवला नाही.

एसी असलेल्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोल पंपाजवळच्या फिल्टरला तिसरं तोंड असायचं आणि तिथून वाफ परत टाकीत जायची. कुणीतरी ते बंद करून साधा फिल्टर बसवलेला असतो. परत जाणारी नळी शाबूत असेल तर तीन तोंडांचा फिल्टर परत लावा. गर्दीत आचके देणाऱ्या गाडीला यासारखं औषध नाही.

आता हीट रायझर. उजव्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, पाइप सुरू होतो तिथे ही झडप असते. गार इंजिनात ती मिटून गरम धूर इनटेक मॅनिफोल्डमधून, कार्बोरेटरच्या थेट खालून फिरवते; गरम झाल्यावर उघडायला हवी. गंजून मिटलेल्या स्थितीत अडकली तर कार्बोरेटर कायम चुलीवर. इंजिन पूर्ण गार असताना बाहेरचं वजन हाताने हलवून बघा. हललं नाही तर गंज सोडवणारं तेल टाका, दोन दिवस मुरू द्या, हलक्या हातोडीने टकटक करा. माझ्या शेवेलमध्ये हेच निघालं. तीन उन्हाळे मी कार्बोरेटरला दोष देत होतो आणि ती झडप तोंड मिटून बसली होती.

थोडा खर्च

झडप मोकळी आहे, पेट्रोल ठीक आहे, तरी उकळतंय: मग कार्बोरेटरच्या खाली फिनॉलिकचा पाव किंवा अर्धा इंच जाड ठोकळा घाला. ॲल्युमिनियमचा नको, तो उष्णता अडवत नाही. वर-खाली दोन्ही बाजूंना गॅस्केट, लांब बोल्ट, आणि ॲक्सिलरेटर व किकडाउनची (ऑटोमॅटिक गिअर खाली उतरवणारी) जोडणी पुन्हा जुळवणं आलं. बॉनेटला एअर क्लीनर लागेल का हे कळायला कणकेचा गोळा प्लास्टिकात गुंडाळून झाकणावर ठेवा आणि बॉनेट अलगद लावून उघडा. उरलेल्या कणकेची जाडी हीच तुमची जागा.

‘टक्’ प्रकार केबल सुधारूनही राहिला तर सेल्फवर उष्णतारोधक पत्रा किंवा आवरण, आणि तेही पुरलं नाही तर गिअर रिडक्शनचा छोटा सेल्फ. तो एक्झॉस्टपासून दूर राहतो आणि कमी करंट घेतो. फोर्डसारखं वेगळं सोलेनॉइड लावायचा उपायही चालतो, पण कायम चुंबकाच्या छोट्या सेल्फला दोन टोकं जोडून ते लावलं तर चावी सोडल्यावरही सेल्फ क्षणभर दातात अडकून राहतो. त्या जोडीत मी तो उपाय करत नाही.

इनटेक मॅनिफोल्ड काढून धुराची वाट पत्र्याने बंद करणं हा शेवटचा उपाय. फक्त उन्हाळ्यात चालणाऱ्या गाडीला तो उत्तम, थंडीत मात्र इंजिन उशिरा माणसात येतं.

इथे थांबा, जाणकार मेकॅनिक बोलवा

पेट्रोल कुठूनही ठिबकताना दिसलं तर चावी फिरवू नका, बॅटरी सोडवा, गाडी ढकलून बाहेर काढा आणि फोन करा. चावी सोडल्यावर सेल्फ फिरतच राहिला तर बॅटरीची केबल लगेच काढा, नाहीतर वायरिंग पेटतं. सेल्फमधून दात घासल्याचा खरखर आवाज येत असेल तर फ्लायव्हीलच्या कड्याचे दात गेलेत किंवा सेल्फचे शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) चुकलेत. गाडीखाली जॅकवर झोपून तो अंदाज घेऊ नका. तापमानाचा काटा २३० फॅरनहाइटच्या वर जातोय, पाणी उकळून बाहेर येतंय, तर हा वेगळा आजार आहे, रेडिएटर आणि हेड गॅस्केट आधी. आणि वायर काढलेली असूनही, बॅटरी-केबल चांगल्या असूनही इंजिन हाताने जड फिरत असेल तर आतलं काही धरतंय. कार्बोरेटर उघडणं, डिस्ट्रिब्युटरचा कर्व्ह बसवणं हीसुद्धा हात बसलेल्या माणसाची कामं आहेत. जुन्या कार्बोरेटरवर काम करणारी मंडळी कमी उरली आहेत, पण आहेत, आणि त्यांना अशी गाडी बघून आनंद होतो.

दुरुस्ती झाली का हे ठरवायला माझी पद्धत अशी. दुपारच्या उन्हात अर्धा तास चालवायची, शेवटची पाच मिनिटं गर्दीत. बंद करून बॉनेट न उघडता घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचं, ॲक्सिलरेटरला पाय न लावता सेल्फ मारायचा. हेच तीनदा, तीन वेगवेगळ्या दिवशी. एकदा सुरू झाली म्हणून हत्यारं आवरू नका. तिसऱ्या दिवशीही दोन-तीन फेऱ्यांत पकडली की मगच हत्यारांची पेटी बंद करा.